दुसरी कॅसेट आधी

थंडीतलं ऊन नोएडात उशिरा येतं आणि लवकर जातं. मीनाक्षी मटारची परात त्याच्या मागे मागे सरकवत बाल्कनीतून हॉलच्या दारापर्यंत आली होती. सोफ्यावर श्रीरंग पेपर वाचत होते, म्हणजे मधूनमधून वाकून दाणे तोंडात टाकत होते.

"निम्मे तुम्हीच संपवलेत. उसळीला काय सालं घालू?"

"गोड आहेत गं."

तेवढ्यात देवयानी आली. लेक एका वृत्तवाहिनीत कामाला, राहायला दोन सेक्टर पलीकडे. आल्या आल्या तिने बोटाएवढा पेन ड्राइव्ह परातीत, मटारांवर ठेवला.

"हॅपी ॲनिव्हर्सरी. चाळीस वर्षं, यार."

"परवा आहे ती," श्रीरंग म्हणाले.

"परवा माझी शिफ्ट आहे. बाबा, ओळखा काय आहे ते. तुमचा रशियन नाच."

मीनाक्षीचे हात थांबले. "पूलवाला?"

"बिल्कुल पूलवाला. दोन्ही कॅसेट साफ करून घेतल्या. आणि आई, कलरमध्ये. टेपमध्ये रंग होताच, आपल्या टीव्हीला तो कळत नव्हता."

मीनाक्षी हसली, आणि उठून हात धुवायला गेली. नातेवाईक येणार असल्यासारखी.

श्रीरंग पोलाद मंत्रालयात होते. नव्वद साली सरकारने त्यांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला सोव्हिएत देशात धाडलं. तिथल्या दुभाष्याने निघताना या दोन कॅसेट हातात ठेवल्या होत्या. जुन्या काळातला बॅले, आता आमच्याकडेही कुणी करत नाही, म्हणाला होता. डोंगरातलं गाव, मागावर शाली विणणारी मुलगी, नदीवर पूल बांधणारा मुलगा. बोलणं एक अक्षर नाही, नुसती पावलं. दिल्लीत नेताजीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दर थंडीत एकदा तो लागायचा, पुढे स्वतःचा व्हीसीआर आला तेव्हाही, आणि चौदा वर्षांपूर्वी तो व्हीसीआर मरेपर्यंत लागत राहिला. बोलणं नाही ही उणीव मीनाक्षी भरून काढायची. आईच्या जात्यावर ऐकलेल्या चालीत ती आपल्या ओव्या रचायची, भाजी निवडता निवडता. पुराचा प्रसंग आला की हलक्या आवाजात,

नदी माझी भरली गं, दोन्ही थडी एक झाली
सखा माझा पैलतीरी, हाक अर्ध्यात बुडाली

आणि पुढे लग्नाचा नाच सुरू झाला की आवाज चढायचा,

दारी वाजती पावलं, आला बुडालेला घरी
हिरव्या गं चुड्यावर, ऊन सांडतं दुपारी

लहानग्या देवयानीला बॅले म्हणजे आईचं गाणं असंच वाटायचं. थडी म्हणजे काठ, हे मात्र तिला दर वर्षी सांगावं लागे.

श्रीरंग चहाचं आधण ठेवायला आत गेले, तशी देवयानी मागोमाग आली आणि हसत हळूच म्हणाली, "बाबा, एक गंमत सांगू? तुमची लेबलं उलटी होती. कॅसेट साफ केल्या त्या दुकानात एक रशियन वाचणारे काका आहेत. ते म्हणाले, ज्यावर एक लिहिलंय तो दुसरा भाग आहे. आपण सगळी वर्षं शेवट आधी बघत होतो. तुम्ही तर रशियनचे डिप्लोमावाले."

श्रीरंगांनी गॅस बंद केला. "मग आता?"

"आता सरळ लावून घेतलंय. आधी लग्न, मग पूर."

"देवू, ते उलटं कर. पुढे ढकलून मधूनच सुरू कर. तुझ्या आईला शेवट माहीत नाही."

"शेवट काय आहे?"

"तो बुडतो. ती काठावर शाल घेऊन उभी राहते. कोणी येत नाही. पडदा."

देवयानी त्यांच्याकडे बघत राहिली. तेव्हा त्यांना सांगावंच लागलं, कपाची दांडी अंगठ्याने पुसत पुसत. तिच्या आधी एक मुलगा झाला होता, हे तिला ऐकून माहीत होतं. दिवस पूर्ण भरलेला, पण श्वास न घेतलेला. ते परत आल्यावर दोन महिन्यांनी. पुढे फेब्रुवारीपर्यंत मीनाक्षी घरात सावलीसारखी फिरत होती. तिला जरा बरं वाटावं म्हणून ऑफिसातल्या एकाकडून त्यांनी व्हीसीआर मागून आणला, आणि कॅसेट आत सरकवताना शेवट आठवला. मग कागदाच्या पट्ट्या कापल्या, रशियन अक्षरांवर चिकटवल्या, दोनावर एक लिहिलं, एकावर दोन.

"मध्येच रशियन नावं यायची ना पडद्यावर?"

"मध्यंतर लिहिलंय, म्हणायचो."

"आणि बुडालेला माणूस लग्नाला उभा कसा?"

"तिनेही विचारलं होतं. म्हटलं, पोहत आला." ते कसनुसं हसले. "म्हणाली, भलताच पोहणारा दिसतोय. सबंध थंडीत ती पहिल्यांदा बोलली होती, देवू. मग ते मोडायचं कसं?"

"पस्तीस वर्षं, बाबा?"

बाहेरून वाद्यांचा आवाज आला. मीनाक्षीने पेन ड्राइव्ह स्वतःच लावला होता. भाचरांचे व्हिडिओ बघून बघून तिला सगळं येत होतं.

दोघं दारात येऊन उभे राहिले. पडद्यावर सुगी होती, आणि रंग होते. मुली लाल पायघोळ झग्यांत गिरक्या घेत होत्या.

"अगं बाई, शाल पिवळी आहे," मीनाक्षी म्हणाली. "मोहरीच्या फुलांसारखी. मी आपली हिरवी धरून चालले होते. या, बसा ना. पण अहो, हे मागचं आधी लागलंय."

देवयानीने वडिलांकडे पाहिलं. रिमोट टीपॉयवर होता. तिने तो उचलला, आणि तसाच हातात धरून ठेवला. श्रीरंगांकडे खोटं तयार होतं, दुकानवाल्याची चूक म्हणून खपलं असतं. पण खिडकीतल्या उन्हात मीनाक्षीचा चेहरा इतका मोकळा होता, की त्यावर आणखी एक पट्टी चिकटवायला त्यांचा हात होईना.

"हेच आधी आहे," ते म्हणाले. "बघ तू."

लग्न झालं. पूल अर्धा झाला. मग ढग आले, निळ्या कापडाची नदी रंगमंचभर उसळली, मुलगा त्या कापडात दोनदा वर आला आणि तिसऱ्यांदा आला नाही. मीनाक्षीने या खेपेला ओवी म्हटली नाही. ती पुढे सरकून बसली होती. मुलगी पिवळी शाल घेऊन काठावर आली. एका पायावर कितीतरी वेळ उभी राहिली, दुसरा पाय मागे, हात पाण्याकडे. गावातले एकेक करून निघून गेले. वाद्यं थांबली, तरी ती उभीच. मग पडदा, आणि त्यावर एकच शब्द.

"काय लिहिलंय?"

"समाप्त," श्रीरंग म्हणाले.

"आणि तेव्हा काय म्हणाला होतात?"

"मध्यंतर."

टीव्ही आपोआप निळा झाला. देवयानी उठली आणि न उकळलेल्या चहाचं निमित्त करून आत गेली. श्रीरंग मीनाक्षीशेजारी बसले. त्यांनी तिला सगळं सांगितलं, पट्ट्यांसकट. सांगताना त्यांची नजर परातीवर होती.

ती रडेल, याची त्यांनी पस्तीस वर्षं धास्ती घेतली होती. ती रडली नाही.

"तुम्हाला माहितेय, मला त्या बाईचा किती हेवा वाटायचा?" ती म्हणाली. "दर वर्षी. तिचा पुरातून परत यायचा. नुसतं उभं राहून यायचा. मी मनात म्हणायचे, हिने असं काय केलं जे मी केलं नाही? ओवी म्हणायचे ती त्यासाठी. घसा दाटू नये म्हणून."

"मला वाटलं, तुला आवडतं."

"आवडायचंच. दुसऱ्याचं सुख बघायला कुणाला आवडत नाही?" तिने पदराने चष्मा पुसला. "चांगलं केलंत हो तुम्ही. चांगल्या मनानं केलंत. पण ही बया माझ्यासारखीच निघाली. आधी कळलं असतं तर दोघी मिळून उभ्या राहिलो असतो काठावर."

श्रीरंगांनी तिचा हात घेतला. बोटांना अजूनही मटाराच्या सालांचा हिरवा वास होता.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

"ते राहू द्या." तिने हात सोडवला नाही. "तो झाल्यावर मी तापात होते तीन दिवस. तुम्ही आणि दिलीपभावजी त्याला घेऊन गेलात. मी विचारलं नाही, आणि तुम्हीही कधी बोलला नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला त्रास होईल. आणि तुम्हाला वाटत असेल, मला."

"हो."

"मी बघितलंच नाही त्याला."

खाली सोसायटीत कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि चौकीदार 'आने दो, आने दो' ओरडत होता. आतून कपांचा आवाज थांबला होता. देवयानी दाराआड उभी असावी.

"केस होते का हो त्याला?" मीनाक्षीने विचारलं.

श्रीरंगांनी आपला मोकळा हात उचलून स्वतःच्या कपाळावर ठेवला, भुवयांच्या जरा वर.

"इथपर्यंत," ते म्हणाले. "काळेभोर. ओले होते, म्हणून मी रुमालाने पुसले. तुझ्यासारखा भोवरा होता, डाव्या बाजूला."

"डाव्या?"

"डाव्या. आणि मूठ घट्ट मिटलेली. दिलीप म्हणाला, उघडून बघू का. मी म्हटलं, नको. काय धरलंय ते असू दे त्याचं त्याला."

"अजून?" ती म्हणाली. "अजून सांगा."

ते सांगू लागले.