फिकं सरबत

कल्पना करा, तुमच्यासमोर अंगठ्याच्या नखाएवढी एक वाटी आहे. तिचा तळ जाळीदार आहे, आत आणि खाली दोन्हीकडे पाणी; त्या तळावर मूत्रपिंडातल्या नळीच्या पेशींचा एकच थर आहे, विटेला वीट भिडवून रचलेल्या भिंतीसारखा. थायलंडमधल्या खोन केन शहरातल्या प्रयोगशाळेत त्या शनिवारी टेबलावर अशा बारा वाट्या होत्या, आणि शेवटच्या वाटीत संशोधक विद्यार्थी थावॉन, थर किती घट्ट आहे ते सांगणाऱ्या मापयंत्राची टोकं बुडवत होता.

आकडा घसरला. त्याने टोकं पुसून पुन्हा बुडवली. आणखी घसरला.

"पेशी मेल्या वाटतं," तो म्हणाला. "आठ दिवस जपल्या. आता सोमवारी परीक्षकांना काय माझं तोंड दाखवू?"

प्रयोगशाळा चालवणाऱ्या पिम्जाई मॅडमची नऊ वर्षांची भाची बैतोंग दाराला टेकून उभी होती. फाटकापाशी देवतेचं छोटं घर आहे, तिथे लाल सरबताचा पेला ठेवायचं काम आज तिच्याकडे होतं. सकाळी सरबताच्या पाकाची बाटली हातात घेऊन ती आत डोकावली होती. वाट्यांमधलं गुलाबी पाणी तिला अगदीच फिकं वाटलं होतं. कडेच्या याच वाटीत तिने तीन थेंब टाकले होते, तेवढ्यात मावशीने हाक मारली होती.

"मेल्या नाहीत," मावशी वाकून पाहत म्हणाली. "भिंतीच्या एका बाजूचं पाणी दाट झालं की ते पलीकडचं पाणी ओढतं, आणि विटांमधले सांधे सैल होतात. दोन्हीकडचं पाणी बदल, सारखं घाल, आणि थांब."

"थांबून पदवी मिळत असती मॅडम, तर मी केव्हाच डॉक्टर झालो असतो."

"बोलण्यात झालासच. आता पाणी बदल."

तासभर गेला. तिघांनी चिकट भात आणि भाजलेली कोंबडी खाल्ली, म्हणजे दोघांनीच. बैतोंग भाताची गोळी बोटांत वळत राहिली.

आकडा वर चढला. थावॉन हसला. मावशी मात्र हसली नाही.

"सांधे जुळले. पण सैल कशाने झाले? ते कळत नाही तोवर उरलेल्या अकरा वाट्यांवरही भरवसा नाही. सगळ्या ओतून दे. नव्याने लावू."

"सोमवारचं?"

"पुढच्या सत्रात."

 थावॉनने वाट्यांचा ट्रे उचलला आणि मोरीकडे वळला.

"दादा, थांब."

बैतोंग टेबलापाशी आली. नोंदवहीत घसरलेल्या आकड्यासमोरची जागा कोरी होती. तिने पेन घेतलं आणि सावकाश लिहिलं: लाल पाक, तीन थेंब, वरून, फक्त याच वाटीत. त्याखाली तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि वही मावशीपुढे सरकवली.