गायराख्याचा पोळा

केशरबाईनं वाचनालयातलं पुस्तक धाडकन मिटलं. "मेल्यांनो, लाज कशी वाटली न्हाई!"

हे राजांना होतं. तिचा नवरा राधाकिशन अंगणात बैलांची शिंगं रंगवत होता, त्याला आता सवय झाली होती. जुन्या काळच्या राजांना घरात बसून शिव्या घालणारी बाई अख्ख्या गंगाखेड तालुक्यात एकच, आणि ती नेमकी त्याच्या पदरी!

"आज कोण पडला लढाईत?" त्यानं चेष्टेनं विचारलं.

"त्येच तर लिहीत न्हाईत! राजानं मुलूख मारला, हत्ती धरले, गुरं वळून नेली. कोणाची गुरं? त्याच्या लेकरांनी मग काय खाल्लं? एक ओळ न्हाई. हत्तीचं नाव दिलंय, माणसाचं न्हाई!"

राग पुस्तकावर होता, पण त्याहून जास्त गावावर होता. वेशीत एक जुना दगड होता. खाली गुरं कोरलेली, मध्ये घोडेस्वारांपुढं तलवार घेऊन उभा एकटा माणूस, वर तोच माणूस महादेवापुढं हात जोडून बसलेला. गुरं वाचवताना मेलेला कुणीतरी. गाव त्याला गायराख्या म्हणायचं आणि पोळ्याला पहिला निवद त्याला दाखवायचं. पण यंदा सरपंच आबासाहेबांनी वेशीत एका जुन्या राजाच्या नावानं कमान उभारायला घेतली. दगड खांबाच्या खड्ड्यात आला. जेसीबीनं उपटून शाळेमागच्या उकिरड्यावर टाकला.

केशरबाई भांडून आली होती. "असल्याच कुण्या राजाच्या फौजेनं मारलंय त्याला, आन् तुमी राजाचीच कमान बांधायलाव?"

"वैनी, दगडावर नाव तरी हाय का?" म्हणून आबासाहेब हसले होते. ते हसणं तिच्या डोक्यातून जाता जात नव्हतं.

पोळ्याची दुपार कलली. नव्या कमानीच्या तोरणाखाली गावचे बैल रांगेनं उभे राहिले. मानाची जोडी राधाकिशनची. ती हलल्याबिगर दुसऱ्या कुणी बैल हलवायचा नाही, ही रीत. आबासाहेबांनी नारळ उचलला. तेवढ्यात केशरबाईनं निवदाचं ताट एका हातावर तोललं, दुसऱ्या हातानं नवऱ्याकडचे कासरे ओढून घेतले आणि जोडी शाळेमागं वळवली.

"अगं, येडी झालीस का?"

"झाले. सरा बाजूला!"

मुंजाजी हलगीवाला घुटमळला. पण मानाची जोडी जाईल तिकडं हलगी जायची, तो निघाला. मागं सगळी रांग वळली. आबासाहेब ओरडत राहिले. तोरण तसंच लटकत राहिलं आणि कमानीखाली ते एकटेच, हातात नारळ घेऊन.

उकिरड्यावर दगड पालथा पडला होता. वर शेण, प्लास्टिक, सडका पाला. केशरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नुसतं बघायलाव काय? पोळ्या खायला लय पुढं असता! उताणा करा त्याला!"

कुणी हललं नाही. मग राधाकिशननं कोरं धोतर खोचलं, घाणीत गुडघे टेकले आणि दगडाला खांदा लावला. ते बघून चौघं धावले.

तिनं पदरानं आधी कोरलेली गुरं पुसली, मग तो माणूस. राग गेला नव्हता. तिनं पुरणपोळी त्याच्यापुढं ठेवली.

"जेव रे बाबा," ती म्हणाली. "आली बघ तुझी गुरं माघारी."