सातवा खळगा

वनस्पतिसंग्रहालयात वाळलेली रोपे कागदावर चिकटवणे हे माझे एकतीस वर्षांचे काम आहे. पुढची हकिकत मी प्रथमच लिहीत आहे, कारण आजवर तेवढे धैर्य मला झाले नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी संग्रहालयाच्या प्रमुखांबरोबर, आमच्या सरांबरोबर, मी एका उघड्याबोडक्या खडकाळ शिखरावर गेलो होतो. सरांना धाप लागली, तेव्हा ते खालीच बसले आणि शेवटचा कडा मी एकट्याने चढलो. माथ्यावर सात खळगे होते आणि प्रत्येकात एकाच अनोळखी जातीचे एकेक रोप होते. सात नमुने हवेत, एक आपल्याला आणि सहा बाहेरच्या संस्थांना, असा नियम होता. मी सातही उपटले आणि प्रत्येकाच्या देठाला क्रमांकाच्या चिठ्ठीचा दोरा बांधला. खाली येऊन सरांना म्हणालो, "वर भरपूर आहेत."

सर ते रोप ओळखण्यापूर्वीच वारले. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी गेल्या वर्षी आमच्याकडचा त्या रोपाचा कागद तपासला. "काका, ही नवीन जात आहे. जगात आणखी कुठेच नाही." त्या दोनदा शिखरावर जाऊन आल्या, परंतु खडक कोरा होता. म्हणून त्यांनी सहा संस्थांना पत्रे धाडली.

या महिन्यात उत्तरे आली. तिकडचे सहाही कागद रिकामे होते. चिकटपट्ट्या शाबूत होत्या, रोप तेवढे नव्हते.

त्याच आठवड्यात आमच्या कपाटातले रोप हिरवे झाले. मुळे खिडकीकडे वळली होती. मी कागद उलटा ठेवला, तर सकाळी ती पुन्हा खिडकीकडे होती. खिडकीपलीकडे, फार दूर, ते शिखर आहे.

घरी हे सांगितले तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "दारातली कुंडी तुमच्या हातून वाळली, आणि वाळलेलं म्हणे जगलं."

बाई मात्र हसल्या नाहीत. "आता हा एकच पुरावा उरलाय, काका. उद्या विषाच्या द्रावणात बुडवून पक्का करा."

तेव्हा मला राहवले नाही. "बाई, वर काही उरलं नाही, ते माझ्यामुळं. सगळी मीच उपटली होती."

त्यांनी कपाटातून रोपाचा कागद काढून माझ्या हाती दिला. मग म्हणाल्या, "चला."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही शिखराच्या माथ्यावर पोहोचलो. सहा खळग्यांत सहा रोपे उभी होती. बाईंनी नमुन्यासाठी सुरी काढली आणि त्या पहिल्या रोपापाशी वाकल्या. देठाला दोरा होता. दुसऱ्याला होता, सहाव्यालाही होता. चिठ्ठ्यांवरचे अक्षर माझे होते, तेव्हाचे.

बाईंनी सुरी पिशवीत ठेवली. "जातीला नाव द्यायचं राहू द्या. सातवं तुम्हीच लावा."

सातवा खळगा कोरडा होता. मी कागदावरचे रोप सोडवून त्यात ठेवले आणि निदान याचा तरी दोरा सोडावा म्हणून वाकलो. गाठ माझ्याच हातची होती, परंतु काही केल्या ती सुटेना.