स्टेशनकडचा वारा

ब्राझीलला येऊन साईमीला एवढंच मिळवायचं होतं, की नवऱ्याचा खोकला थांबावा. बाकीच्या आम्हा मंडळींची यादी मोठी होती. कुणाला बारा महिने ऊन हवं होतं, कुणाला झाडावरून तोडून संत्रं खायचं होतं, आणि वसाहत काढणाऱ्या उसिकारींना तर अख्खी माणूसजात सुधारायची होती. साईमीची मागणी सगळ्यांत लहान होती. पुरी झाली तीही तिचीच. नेस्तोरी फिनलंडला काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे नळी फुंकायचा. तिथल्या हिवाळ्यात तो असा खोकायचा, की शेजारच्या घरातली माणसं त्याच्या वतीनं श्वास धरायची. इथं, आमच्या वालोला वसाहतीत, पहिलं वर्ष सरायच्या आत त्याची छाती मोकळी झाली. तो शीळ घालत संत्र्याची कलमं बांधू लागला.

हे सगळं हातचं जायला वाफेचा एक लोट पुरे होता. त्या शनिवारी साईमी नेमकी सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीच्या, बाकावर त्याच लोटात बसली होती आणि तिच्या केसांतून कॉफीचा वास येत होता.

कॉफीचं आधी सांगायला हवं. निघण्यापूर्वी फिनलंडमधल्या ताम्पेरेच्या सभेत उसिकारींनी आमच्याकडून शपथ घेतली होती. मांस नाही, दारू नाही. मांस सोडणं कुणाला जड गेलं नाही. घरी ते रविवारीच दिसायचं. दारू बायकांनी नवऱ्यांच्या वतीनं आनंदानं सोडली. मग उसिकारी म्हणाले, "आणि कॉफी."  आमच्याकडे पाहुणा आला की कॉफी, निघाला की कॉफी, बारशाला कॉफी, मयताला कॉफी. पहिला हात वर गेला तो नेस्तोरीचा. साईमीनं त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या छातीकडे पाहिलं आणि आपला हात वर केला. त्यांच्यामागून आम्ही सगळ्यांनी.

एवढं करून उसिकारींनी जमीन घेतली ती कुठली, तर कॉफीच्या मळ्याची. मालक कर्जात बुडाला होता म्हणून मिळाली. आम्ही झुडपं उपटून संत्री लावली. कॉफीचा भाव इतका कोसळला होता, की सरकार खाली उत्तरेला, स्टेशनामागे, ढिगारे रचून ती जाळत होतं. वारा तिकडून आला की तो वास आमच्या जेवणघरात शिरायचा, आणि त्या दिवशी सगळेजण पाव फार सावकाश चावायचे.

आमच्या पहिल्या घरांचे ओटे दक्षिणेला होते. मायदेशी ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून कुणी विचारही न करता तसे बांधले. इथं सूर्य उत्तरेकडून जातो. फळं वाळवायला ठेवली त्यांना बुरशी आली, तेव्हा कळलं. दक्षिणेचा वारा इथं गार असतो, हेही आम्ही तसंच शिकलो, कुडकुडत. सौना मात्र बिनचूक बांधला होता, घरांच्याही आधी. ओढ्यापलीकडची झुलमिरा अजून त्यावरून हसते. "थंडी नको म्हणून जगाच्या पलीकडून आलात," ती म्हणते, "आणि आल्या आल्या काय बांधलंत? भाजून घ्यायची खोली."

झुलमिरा म्हणजे मळ्याच्या जुन्या मुकादमाची विधवा. साईमी वसाहतीचा पाव भाजायची. मायदेशचं राय धान्य इथं उगवेना, म्हणून मक्यात मिसळायला कंदाचं पीठ लागायचं, आणि ते झुलमिरेकडे मिळायचं. पहिल्या मंगळवारी झुलमिरेनं पिठाआधी कॉफीचा कप पुढे केला. साईमीनं हातानं नको म्हटलं. झुलमिरेचं तोंड उतरलं. तिनं कप अंगणात ओतला आणि पीठ संपलंय असं सांगून टाकलं. तिच्या मुलखात पुढे केलेली कॉफी नाकारणं म्हणजे यजमानिणीच्या तोंडावर दार लावणं. पुढच्या मंगळवारी साईमी कप प्यायली.

"सौजन्य म्हणून," असं तिनं पुढे मला सांगितलं.

"आणि दुसरा कप?"

"तेही सौजन्यच, लेंपी."

तर हे सौजन्य दर मंगळवारी चाललं होतं. परतीच्या वाटेवर ती संत्र्याची साल चघळायची. मग कुणीतरी उसिकारींच्या कानाला लागलं, की ओढ्यापलीकडे आपल्यापैकी कुणीतरी कॉफी पितं. त्या रविवारी जेवताना ते उभे राहिले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, तेच वाईट होतं. शपथ मोडणारा पुढच्या बोटीनं परत जाईल, घरच्यांसकट, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. परत जाणं बाकीच्यांच्या दृष्टीनं लाजेचं होतं. साईमीच्या दृष्टीनं तो नेस्तोरीचा पुढचा हिवाळा होता, आणि बहुधा शेवटचा.

नेस्तोरीनंच मान डोलावली. "बरोबर आहे," तो म्हणाला, "शब्द म्हणजे शब्द." साईमी त्या वेळी त्याच्या ताटलीत सूप वाढत होती. मी बघत होते. पळी हलली नाही. पण तिनं नंतर माझ्या ताटलीत दोनदा वाढलं.

त्यानंतर ती मंगळवारी गेली नाही. शनिवारी पीठच संपलं, तेव्हा जावं लागलं. झुलमिरेचा उजवा हात उकळत्या पाण्यानं पोळून फडक्यात गुंडाळलेला, चुलीवर लोखंडी कढईत कॉफीचे दाणे, आणि डाव्या हातानं ढवळता ढवळता ते करपायला आलेले. साईमीनं तिच्या हातातलं लाकडी उलथणं काढून घेतलं आणि दाणे काळेभोर होऊन तडतडेपर्यंत त्या धुरात उभी राहिली. झुलमिरेनं कप भरला. साईमीनं आपल्या गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं, तेव्हा तिला एकदाचं कळलं, आणि तिनं कप स्वतःच पिऊन टाकला. म्हणजे त्या दिवशी साईमीनं एक घोटसुद्धा घेतला नव्हता. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पकडली गेली ती त्याच दिवशी.

सौनात आधी बायकांची पाळी असते. अंगावर मारायला बर्चच्या डहाळ्या इथं नाहीत, म्हणून आम्ही निलगिरीच्या जुड्या बांधतो. तिच्या वासापुढे दुसरा वास टिकत नाही. त्या शनिवारी निलगिरी तोडायला कुणी गेलं नव्हतं. जुड्या पेरूच्या होत्या, आणि पेरूचं पान बिचारं कुणाच्याच भानगडीत पडत नाही.

वरच्या बाकावर एल्वीरा बसली होती, उसिकारींची बायको. पाण्याची पळी नेहमी तिच्याच हातात. ती कमी बोलायची. बोलली की तो निकाल असायचा. तिनं दगडांवर पाणी टाकलं. वाफ छतापर्यंत गेली, तिथून खाली उतरली, साईमीच्या केसांतून फिरली आणि ताज्या भाजलेल्या कॉफीचा वास घेऊन सगळ्या बाकांवर पसरली. थोडाथोडका नाही. डोळे मिटले असते तर आईचं स्वयंपाकघर दिसलं असतं. मी मिटले.

उघडले तेव्हा साईमीचा चेहरा पांढरा पडला होता, त्या उष्णतेतसुद्धा. सौनात आमच्याकडे कुणी भांडत नाही, आवाज चढवत नाही. पण बाहेर आल्यावर कुणाचं तोंड कोण धरणार? पळी हवेत तशीच थांबली होती. 

"एल्वीरा," साईमी म्हणाली, "मला काही सांगायचंय."

"स्टेशनावर अजून कॉफी जाळताहेत वाटतं," एल्वीरा म्हणाली. "वारा तिकडचा दिसतोय."

वारा दक्षिणेचा होता. सौनाच्या दारापर्यंत आम्ही सगळ्याजणी काटा आलेल्या अंगानं पळत आलो होतो. स्टेशन उत्तरेला, ते तसूभरही हललेलं नव्हतं.

खालच्या बाकावरून म्हातारी इंपी म्हणाली, "तिकडचाच. सकाळपासून."

"मला तर कालपासून येतोय वास," मी म्हटलं.

मग एकेक करून सगळ्यांनी वाऱ्याबद्दल तक्रार केली. कुणी म्हणालं, कपडे वाळत घालायची सोय राहिली नाही. कुणी म्हणालं, सरकारला काही धरबंद आहे की नाही.  साईमीनं गुडघ्यांवर डोकं टेकलं, आणि तिची पाठ हलायला लागली. रडते आहे की हसते आहे ते कळेना. घामात सगळं सारखंच दिसतं.

एल्वीरानं आणखी एक पळी ओतली. "केस दोनदा धू," ती म्हणाली. "संत्र्याची साल चोळ. वारा केसांत बसतो."

एल्वीराला हे इतकं तपशीलवार कसं ठाऊक, हा प्रश्न मला पडला नाही. मंगळवार साईमीचा होता. गुरुवार माझा होता. शुक्रवारी झुलमिरा मला यायला मनाई करायची, कारण त्या दिवशी तिच्याकडे 'मोठ्या बाई' यायच्या. उसिकारी स्वतः टपाल आणायला स्टेशनावर जायचे, आणि स्टेशनमास्तर त्यांना खुर्ची दिल्याशिवाय सोडायचा नाही. खुर्चीबरोबर काय द्यायचा ते मी पाहिलेलं नाही. पण टपाल नसलं तरी ते जायचे.

संध्याकाळी मी साईमीकडे पाव आणायला गेले. पुरुषांची सौनाची पाळी आटोपली होती. नेस्तोरी त्या उलट्या दिशेच्या ओट्यावर, ओल्या केसांनी, पोटभर श्वास घेत बसला होता. शपथेनंतर आमच्याकडे कॉफीच्या जागी भाजलेल्या सातूचं पाणी प्यायचं ठरलं होतं. काळं दिसतं, गरम असतं; त्याच्याबद्दल चांगलं एवढंच बोलता येईल. साईमीनं त्याच्यापुढे कप ठेवला. त्यानं एक घोट घेतला आणि माझ्यासमोरच तिला म्हणाला,

"तुला सांगू? मला अजून आठवण येते गं. रोज सकाळी. तू सोडलीस म्हणून मला जमलं. एकट्याला नसतं झेपलं."

मी पाव काखेत धरून ओट्याच्या खांबाकडे बघत राहिले. साईमीनं त्याचा कप काठोकाठ भरला. मग स्वतःसाठी एक ओतला, त्याच्याशेजारी बसली आणि तोंड वाकडं न करता संपवला. त्यानंतर ती ओढ्यापलीकडे गेलीच नाही, असं मी म्हणणार नाही. गेली. पण सकाळचा सातूचा कप तिनं त्याच्याबरोबर एकदाही चुकवला नाही.

शपथ मोडली असं पुढे कधी कुणी जाहीर केलं नाही. उसिकारी म्हातारे झाले, वसाहतीत बाहेरचे पाहुणे यायला लागले, पाहुण्यांसाठी कॉफी आली आणि पाहुणे गेल्यावर ती गेली नाही. नेस्तोरीनं कुणाला टोकलं नाही. त्याच्यापुढे कप आला की तो बोटानं हळूच बाजूला सरकवायचा आणि साईमीकडे बघून हसायचा, जणू दोघांचं एक गुपित आहे. तिचा कपही मग तसाच बाजूला सरकायचा.

तो पुष्कळ जगला. गेला तो संत्र्याच्या बागेत, कलम बांधायची सुतळी हातात असताना, एकदाही न खोकता.

मयताहून परतल्यावर आम्ही सगळे जेवणघरात बसलो. आमच्याकडे अशा वेळी कॉफी असतेच. सगळ्यांच्या नजरा किटलीकडे होत्या. साईमी स्वतः ओतत आली. पहिला कप उसिकारींना, मग एल्वीराला, मग आम्हाला. सातूचं पाणी होतं. उसिकारींनी कपात पाहिलं, साईमीकडे पाहिलं आणि प्यायले. एल्वीरानं तर दुसऱ्यांदा मागून घेतला. झुलमिरेनं पहिल्या घोटालाच डोळे मिटले, पण पुढे केलेला कप ती नाकारणार कशी? तळ दिसेपर्यंत प्यायली.

ताम्पेरेला हात सगळ्यांनी वर केले होते. त्या शब्दाची किंमत म्हणून त्या दिवशी आम्ही एकेक कप भरला. बाकीचं सगळं नेस्तोरीनं एकट्यानं भरलं होतं, दोघं मिळून भरतोय असं समजून.