दाखवायचा धान

बोरटोलीच्या तलावाचं पाणी गोमाजी वाटायचा. त्याच्या आधी त्याचा बाप वाटायचा. गावात या कामाला पाणकर म्हणत. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. तिच्याखालच्या तुडुमाचं, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीचं, बूच त्यानेच काढायचं आणि त्यानेच लावायचं. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, किती वेळ पाणी जाईल ते तो ठरवी आणि त्यावर कोणी वाद घालत नसे.

पाऊस दगा देई त्या साली गोमाजी पोळा झाला की सगळ्यांना पाळीवर बोलवी. तलावात काय उरलंय ते लोक आपल्या डोळ्यांनी पाहत आणि जो तो आपल्या थोड्या बांध्या बिनपाण्याच्या सोडून देई. ज्याची शेती मोठी, त्याने जास्त सोडायच्या. मग उरलेल्या धानाला पाणी शेवटपर्यंत पुरे. असल्या साली कोणाची कोठी भरत नसे, पण अड्याळच्या बाजारातून तांदूळ आणायची पाळीही कोणावर येत नसे.

ब्याऐंशी साली पोळ्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. गोमाजीने बैठकीचा दिवस ठरवला आणि त्याच्या आदल्या दिवशी मधुकरराव त्याच्या अंगणात येऊन बसले. ते शेतीखात्याचे साहेब. दोन वर्षांपासून पाटाच्या वरच्या अंगाला, सडकेलगत असलेल्या भोजराजच्या वावरात त्यांनी नव्या बियाण्याचा प्रयोग लावला होता. धान बुटका, गर्द हिरवा, पण पायात सतत पाणी मागणारा.

"गोमाजी, ऑक्टोबरात पाहुणे येणार आहेत," मधुकरराव म्हणाले. "परदेशातले. जगात कोणी उपाशी झोपू नये म्हणून काम करतात हे लोक. भोजराजचा प्लॉट बघायला येतायत. त्याचं पाणी तुटता कामा नये."

"मंग बाकीच्याइले काय देऊ, साहेब? तलाव तर अर्धा गाळानं भरला आहे."

"तेच सांगतोय. पाहुणे खूश झाले तर तुमच्या तलावाला पैसा मिळेल. गाळ निघेल, पाळ नवी होईल. मी स्वतः लिहून पाठवीन."

 गाळ काढावा म्हणून गोमाजीने किती अर्ज केले होते त्याची गणती नव्हती. दरवर्षी तलाव बोटभर उथळ होत होता आणि ते त्याच्याइतकं कोणाला दिसत नव्हतं. साहेबाने आज नेमकं त्याच्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाळीवर त्याने लोकांना समजावलं. या साली पाणी वरच्या अंगाला राहू द्या. शेवटाकडच्या बांध्या सगळ्याच सोडा. एक साल कळ काढा, तलाव होऊन जाईल. कवडू आणि मंगरू कुरकुरले, पण गोमाजी सांगतोय म्हणून मान्य केलं. राहिली शकुनबाई. ती विधवा बाई, पाटाच्या अगदी टोकाला दोनच बांध्या, बाकीचं पोट दुसऱ्यांच्या रोवणीच्या मजुरीवर.

"गोमाजीभाऊ, माहा धान पोटऱ्यात आहे," ती म्हणाली. "दोन पाणी भेटले तं निसवते. माह्याजवळ सोडाले दुसरी बांधी नाही."

"एक साल, शकुनबाई. तलाव झाला का तुही बांधी कधी सुकणार नाही."

"साहेब सांगते का तुमी सांगता?"

"मी सांगतो."

शकुनबाई उठली. पाटाच्या टोकाला गेली आणि आपल्या बांधीचं तोंड तिने स्वतःच्या हाताने चिखलाने बुजवलं.

गोमाजी घरी आल्यावर त्याच्या बायकोने, कलाबाईने, त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "आपल्या बांध्या तं पाळीच्या खाली आहेत. पाझरावरच पिकते आपला धान. लोकाइले सोडा म्हणाले तुमाले सोपं गेलं असन."

 अर्धं ताट तसंच ठेवून गोमाजी उठला.

पाहुणे आले ते तीन जीपांतून. दोन पुरुष आणि एक उंच गोरी बाई. भोजराजच्या बांधीत धान गुडघ्याएवढा, लोंब्यांनी वाकलेला. पाहुण्यांनी लोंब्या हातात घेतल्या, फोटो काढले. मधुकररावांच्या अंगात नवा सफारी होता आणि ते कोणाला फार वेळ एका जागी उभंच राहू देत नव्हते. मग त्या बाईने विचारलं, गावाचं पाणी कोण वाटतं? लोकांनी गोमाजीला पुढे ढकललं.

दुभाष्याने तिचा प्रश्न सांगितला, "पाऊस कमी पडला त्या वर्षी तुम्ही काय करता, असं बाई विचारतायत."

बाईने वही उघडली होती. तिला खरंच ऐकायचं होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. गोमाजीच्या ओठांवर आलं, अशा साली आम्ही सगळे पाळीवर बसतो. पण ते सांगितलं तर बाई पुढचं विचारणार होती. या साली बसला होतात का? चला, सगळ्यांची शेतं दाखवा. आणि शेवटाकडच्या बांध्या मोहाच्या झाडांपलीकडे करपून पिवळ्या पडल्या होत्या, सडकेवरून त्या दिसत नव्हत्या. मधुकरराव त्याच्याकडे एकटक पाहत होते.

"पाणी पुरते, बाई," गोमाजी म्हणाला.

बाईने लिहून घेतलं. मान हलवली आणि वही मिटली. थोड्याच वेळात जीपा सडकेला लागल्या.

दिवाळीपर्यंत शेवटाकडचा धान वाळून गेला. एकाही लोंबीत दाणा भरला नव्हता. शकुनबाईने तो तणसासाठी, नुसत्या चाऱ्यासाठी, कापला, गाय भोजराजच्या गोठ्यात बांधली आणि लेकीला घेऊन कामठीकडे वीटभट्टीवर गेली. कवडूचं घर गेलं, मंगरूचं गेलं. अशी सात घरं कुलूप लावून गेली. गावातून कामाला माणसं जात नव्हती असं नाही, पण धान कापायच्या दिवसांत आजवर कोणी गेलं नव्हतं.

फाल्गुनात गोमाजी तालुक्याला मधुकररावांकडे गेला. पायरीवर दुपारपर्यंत बसला. साहेबांनी आत बोलावलं, खुर्ची दिली, चहाही मागवला.

"तलावाचं काय झालं, साहेब?"

"ते काम दुसऱ्या गावाला गेलं, गोमाजी. टंचाईच्या गावांना आधी, असं ठरलंय. पाहुण्यांच्या अहवालात बोरटोलीचं नाव आहे, चांगलं लिहिलंय त्यांनी. या गावात पाण्याची सोय उत्तम आहे, तुटीच्या वर्षीही पाणी पुरतं."

"पण साहेब, ते तं..."

"तुम्हीच सांगितलंत ना त्यांना?" मधुकरराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. चहा थंड होतोय म्हणून त्यांनी कप पुढे सरकवला.

पावसाच्या तोंडावर शकुनबाई परत आली. हातांची सालं निघाली होती आणि तिचा खोकला थांबत नव्हता. गोमाजी तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मले साहेबानं फसवलं, शकुनबाई."

"फसवलं असन," ती म्हणाली. "त्या साहेबाले मी वळखत नोहती. तुमाले वळखत होती. मी तुमच्या बोलण्यावर बांधीचं तोंड बुजवलं."

"पुढच्या टायमाले पाणी पयले तुह्या बांधीत सोडीन."

"काहून? मी मांगतलं का? मले पयले नोको होतं. सगळ्याइच्या बरोबर पायजे होतं." आणि ती आत निघून गेली.

पुढचं साल पावसाने निभावून नेलं. त्याच्या पुढच्या साली पोळ्यानंतर पुन्हा आभाळ कोरडं पडलं. गोमाजीने बैठकीचा सांगावा धाडला. पाळीवर तीन म्हातारे आले. त्यातल्या एकाने विचारलं, "कोणी साहेब येऊन राहिला का यंदा?" बाकीचे दोघे हसले नाहीत.

तीन दिवसांनी पहाटे तो पाळीवर गेला तर तुडुमाचं बूच कोणीतरी फोडलं होतं. पाट ठिकठिकाणी फुटले होते. वरच्या बांध्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे कडेच्या बांधापर्यंत, भरून सांडत होत्या आणि पाणी सरळ नाल्याला चाललं होतं. गोमाजी पाटाकाठाने चालत राहिला. जो तो आपापल्या धुऱ्यावर फावडं घेऊन उभा होता, कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. शेवटाला शकुनबाई कंबरेला पदर खोचून मंगरूच्या बांधीचा धुरा फोडत होती, त्याचं पाणी आपल्याकडे ओढत होती. मंगरू तिच्या अंगावर ओरडत होता.

"गोमाजीभाऊ, सांगा हिले!" मंगरू म्हणाला.

शकुनबाईने वर पाहिलं. फावडं थांबलं नाही.

 कोणत्या तोंडाने सांगणार? गोमाजी वळला आणि घराकडे चालू लागला. तिसऱ्या दिवशी रित्या झालेल्या तलावाच्या गाळात पोरं मासे वेचत होती.