राहणारे आणि निघणारे

गेमच्या कथेत एक गाव होतं. शेजारच्या तळ्याचं पाणी वर्षागणिक चढत होतं आणि गावात दोन तट पडले होते. निघणारे म्हणत, डोंगरापलीकडे जाऊ. राहणारे म्हणत, हलायचं नाही. खेळणाऱ्यानं एका तटाची बाजू घ्यायची. मग पुढे तलवारी, मंतर, राक्षस, सगळं. कथा लिहिणारी बाई ऑफिसच्या कोपऱ्यात एकटीच बसे. डबाही तिथंच खाई.

एकदा गेम तपासणारे काका तिच्या टेबलाशी आले. दिवसभर खेळून त्यांच्या अंगठ्यांना घट्टे पडले होते.

"सगळे निघणाऱ्यांकडेच जातात. राहणाऱ्यांना कुत्रं विचारत नाही."

"का?"

"तू त्यांना बोलू कुठं देतेस? त्यांचा म्होरक्या नुसता काठी आपटतो आणि पूर्वजांच्या नावानं ओरडतो. निकाल तूच लावून ठेवलायस, मग आम्ही खेळायचं काय?"

तिनं म्होरक्याला आजारी बायको दिली. काकांनी पुन्हा खेळून पाहिलं आणि मान हलवली. "कीव आली की माणूस औषध आणून देतो. बाजू नाही घेत."

रविवारी दुपारी तिनं दादाला फोन लावला. दादा गावी वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवी. वडील गेल्यावर दोघा भावंडांचं बोलणं तब्येत आणि हवापाणी यापुढे जात नसे. आपण निघून आलो, म्हणून तो बिचारा अडकला, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"दादा, तू तिथंच का राहिलास रे? बाबांमुळं?"

"बाबा तर हाकलत होते मला. जा, जग बघ म्हणायचे."

"मग माझ्यामुळं? मी गेले म्हणून?"

दादा मोठ्यानं हसला. "चिंगे, तू गेलीस तेव्हा तुझी खोली मला मिळाली! खूश होतो मी." मग म्हणाला, "मला आवडतं गं इथं. दुकान उघडलं की समोरचा न्हावी हात वर करतो. तो कसा लंगडतोय यावरून मला कळतं, आज स्वारीचा मूड कसा आहे. कुणी घड्याळ आणलं तर ते मी त्याच्या बापाच्या मनगटावर पाहिलेलं असतं. हे सगळं नव्या जागी पहिल्यापासून कोण जमवत बसणार?"

"बाहेर पडावंसं कधी वाटलंच नाही?"

"वाटलं की. वाटून गेलं." पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. "आणि तू का गं गेलीस?"

तिच्या निघणाऱ्यांच्या तोंडी पानभर भाषणं होती. तिला त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"इथं... काम चांगलं आहे."

"हां, तेही आहेच," दादा गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाला. वहिनीनं जेवायला हाक मारली आणि त्यानं फोन ठेवला.

ती खिडकीपाशी गेली. आपल्यामुळं दादाचं काहीतरी अडलंय, या समजुतीचाच तिला आधार होता. तोही गेला. समोरच्या इमारतीत कुणीतरी खिडकी पुसत होतं. इतकी वर्षं समोर राहून तिला त्या माणसाचं नाव माहीत नव्हतं, आणि त्याला हिचं.

सोमवारी तिनं म्होरक्याच्या हातातली काठी काढून घेतली. आता तो होड्या दुरुस्त करी आणि येणाऱ्याला गावातलं एकेक घर हाताला धरून दाखवी. निघणाऱ्यांच्या पुढारी बाईची भाषणंही तिनं छाटली. डोंगराच्या खिंडीपाशी ती पुढारी बाई आता एवढंच म्हणे, "इथं मला सगळे ओळखतात. म्हणून जायचंय." हे वाक्य लिहून झालं तेव्हा तिला कळलं, दादाला हेच सांगायला हवं होतं.

काका खेळायला बसले. निवडीच्या जागी आले आणि त्यांचे अंगठे थांबले.

"कुठं जाऊ गं?"

"मला नका विचारू."

"दोघांचंही पटतंय की!" ते वैतागून म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले. पुढच्या आठवड्यात खेळणारे खरंच दोन्हीकडे वाटले गेले. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, टाळ्या झाल्या, आणि जो तो आपापल्या टेबलाकडे गेला.

संध्याकाळी घरी येऊन तिनं दादाला फोन केला. वहिनीनं उचलला.

"ते अजून दुकानातच आहेत, गर्दी आहे हो. काही निरोप देऊ का?"

"नाही," ती म्हणाली. "सहजच केला होता."