उघडा राहणारा मेन्यू

हिम्मतरावांनी बेगम बाजारात आयुष्यभर भांड्यांवर नावं कोरली. मराठी, तेलुगू, उर्दू, गिऱ्हाईक मागेल त्या लिपीत. मग उजव्या हाताला कंप सुटला आणि ते काचीगुड्याला घरी बसले. त्यांची मुलगी रेणू वेबसाइट बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात होती. कोठीतल्या एका दवाखान्याची नवी साइट तिच्याकडे आली होती. हिम्मतरावांचे उपचार तिथेच चालत, म्हणून तिनं तयार होत आलेली साइट आधी त्यांनाच दाखवली आणि हाताच्या व्यायामासाठी वेळ घेऊन बघायला सांगितलं.

माउसचा बाण 'विभाग' या शब्दावर नेला की खाली यादी उघडे. तिच्यातल्या 'फिजिओथेरपी'वर गेलं की बाजूला आणखी एक यादी. तिकडे वळताना हिम्मतरावांचा हात थरथरला, बाण जरा बाहेर गेला आणि सगळं मिटलं. पुन्हा केलं, पुन्हा मिटलं. त्यांनी माउस बाजूला सारला.

"राहू दे. या हातात आता काही राहिलं नाही."

रेणूनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "बाबा, हात नाही चुकत तुमचा. मेन्यू चुकलाय. मी बदलते तो."

ऑफिसचे प्रमुख कौस्तुभ पुण्याचे होते. त्यांना हे पटेना. दवाखान्यानं साइटची रचना पसंत केली होती, मुदत जवळ आली होती, आणि रेणूला हवा तो क्लिक करून उघडणारा मेन्यू त्यांना जुनाट वाटे. रेणू वाद घालत बसली नाही. दोन्ही मेन्यू पेशंटना वापरून बघू द्या, एवढंच ती मागत राहिली. शेवटी ते तयार झाले. दवाखान्याच्या डॉक्टर सुलभा यांनी बाहेरच्या हॉलमध्ये एक टेबल लावून दिलं.

हाताला प्लास्टर असलेले एक गृहस्थ आले, जाड चष्म्याच्या एक बाई आल्या. पहिला मेन्यू दोघांच्याही हातून निसटला. रेणूचा मेन्यू एका क्लिकवर उघडायचा आणि आपण मिटेपर्यंत उघडाच राहायचा. ओळी रुंद होत्या, बाजूला फुटणारी यादीच नव्हती. चष्म्याच्या बाईंना हवा तो डॉक्टर यादीत सापडला, तेव्हा त्या आणखी याद्या उघडून बघत बसल्या, खुर्चीतून उठायलाच तयार नव्हत्या.

कौस्तुभ मागे उभे राहून बघत होते. मग ते स्वतः बसले आणि त्यांनी डाव्या हातानं पहिला मेन्यू चालवून पाहिला. यादी मिटली. ते डॉक्टरांकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हा दुसरा मेन्यू रेणूनं केलाय. आपण हाच लावू."

साइट सुरू झाल्यावर हिम्मतराव पुन्हा लॅपटॉपसमोर बसले. रेणूची आई भामाबाई मदतीला निघाल्या, तर रेणूनं त्यांचा हात धरून ठेवला. बाण यादीबाहेर भटकला, परत आला. यादी तशीच उघडी होती. वेळ लागला, पण फिजिओथेरपीची वेळ त्यांनी स्वतः घेतली.

ठरल्या दिवशी रेणू त्यांच्यासोबत दवाखान्यात गेली. नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीनं हिम्मतरावांना तेलुगूत विचारलं, मुलानं बुक करून दिलं का? हिम्मतरावांनी तिला तेलुगूतच उत्तर दिलं. मग मागच्या रांगेलाही ऐकू जावं म्हणून हिंदीत सांगितलं की बुक मीच केलं, आणि ही साइट माझ्या मुलीनं बनवली आहे.

रेणूचे कान लाल झाले. पण तिनं त्यांना थांबवलं नाही. खिडकीवरच्या मुलीनं तिच्याकडे बघून मान डोलावली, तेव्हा ती ताठ उभी राहिली.